के-एकसष्टच्या लिंका

१

कुमासी शहरातल्या त्या खासगी इस्पितळाच्या मागे, जनरेटरच्या शेडला लागून, शवागार होतं. पण शवागार कुणी म्हणत नसे. फ्रिज म्हणत. "तुमचे मामा अजून फ्रिजमध्येच का?" असं बायका बाजारात टोमॅटो निवडता निवडता विचारत, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. मेलेल्याला लगेच मातीत घालायची तिथं रीतच नाही. आधी गावच्या घराला रंग लागला पाहिजे, परदेशातला भाचा आला पाहिजे, चौकाचौकात मयताच्या फोटोचे फलक लागले पाहिजेत. मग तंबू, बँड, जेवणावळ, काळे-तांबडे कपडे. जिवंतपणी ज्याला कुणी पाणी विचारलं नाही, त्याच्या मयताला गाव लोटलं पाहिजे. तोवर तो बिचारा थंडीत वाट बघत पडतो. त्याला काय, त्याला कुठे कामावर जायचंय!

बिरागो त्या फ्रिजच्या कचेरीत कारकून होती. कचेरी म्हणजे एक टेबल, एक कॉम्प्युटर आणि शीतखोलीला लागून असलेली एक भिंत. उन्हाळ्यातही ती भिंत हाताला गार लागायची. कॉम्प्युटरमध्ये एक मोठी फाईल होती आणि तिच्यात दर प्रेतामागे एक शीट. शीटला नाव द्यायचं ते प्रेताच्या पायाला बांधलेल्या चिठ्ठीच्या नंबराचं. माणसाचं नाव देऊन उपयोग नसे, कारण मंगळवारी जन्मलेला प्रत्येक पोरगा तिथं क्वाबेना, आणि शुक्रवारचा प्रत्येक कोफी. फ्रिजमध्ये एका वेळी इतके क्वाबेना असत, की हाक मारली असती तर निम्मे उठून बसले असते.

त्यातला के-एकसष्ट हा क्वाबेना म्हणजे क्वाबेना ओबिरी, सुआमेच्या गॅरेजवस्तीतला गिअरबॉक्सचा मेस्त्री. बिरागोचा बाप.

त्याला फ्रिजमध्ये येऊन वर्ष होत आलं होतं. एकुलत्या एका पोरीने रडून, भांडून, पाया पडून पाहिलं होतं, पण तिच्या हातात काही नव्हतं. त्यांच्यात कूळ आईकडून चालतं. बापाचं प्रेत पोरांचं नसतं, त्याच्या बहिणींचं आणि भाच्यांचं असतं. पुरायचं कधी, ते आफ्राकोमा आत्या ठरवणार. आणि आत्याच्या घराचा वरचा मजला अजून गिलाव्यावाचून उभा होता.

शेवटच्या आजारात बापाने बिरागोचं मनगट धरून एकच मागणं केलं होतं. "मला त्या फ्रिजमध्ये ठेवू देऊ नकोस गं. मला थंडी सोसत नाही, तुला माहीत आहे." तिला माहीत होतं. हरमटानचं कोरडं वारं सुटलं की हा माणूस दोन स्वेटर घालून गाडीखाली शिरायचा आणि सगळी गॅरेजवस्ती त्याला हसायची. तिने हो म्हटलं होतं.

२

शीटं फार झाली तेव्हा साहेब वैतागले. तळाशी नंबरांची रांग सरकवत बसायचं म्हणजे वेळ जायचा आणि दारात नातेवाईक ओरडायचे. "असं काही कर बाई, की पहिल्या पानावर सगळे नंबर दिसले पाहिजेत," चेरेमेसाहेब म्हणाले. "नंबरावर टिचकी मारली की ते शीट उघडलं पाहिजे. आणि तिथून परत पहिल्या पानावर यायची सोय हवी."

बिरागोने मोबाईलवर व्हिडिओ पाहून मॅक्रो, म्हणजे कॉम्प्युटरने आपोआप करायच्या कामाच्या ओळी, लिहायला घेतला. काम सोपं होतं. फाईलमधलं एकेक शीट घ्यायचं, त्याचा नंबर पहिल्या पानावर लिहायचा, त्या नंबराला शीटची लिंक जोडायची, आणि शीटच्या कोपऱ्यात 'परत' अशी एक लिंक टाकायची. पहिल्यांदा चालवला तेव्हा एकही लिंक उघडेना. नंबरात मधे आडवी रेघ असेल तर शीटचं नाव अवतरणचिन्हांत घालावं लागतं, हे कळायला तिची दुपार गेली. मग चालला. नंबरांची देखणी निळी यादी झरझर खाली उतरली आणि तिला वर्षभरात पहिल्यांदा स्वतःचं कौतुक वाटलं.

मग ती एकेक लिंक उघडून बघत बसली. टिचकी, शीट. टिचकी, परत. के-एकसष्टवर आली तेव्हा नेहमीप्रमाणे श्वास रोखून तिने टिचकी मारली. कोपऱ्यात 'परत' होतं. त्याच्या खाली आणखी एक लिंक होती: के-अठ्ठावन्न.

ही तिने टाकलेली नव्हती. मॅक्रोत सगळ्या शीटांना एकच ओळ लागू होती, एकाला वेगळं देण्याची सोयच नव्हती. तिने ती ओळ तोंडाने पुटपुटत वाचली. मग म्हणाली, कुठेतरी चुकून डकवलं असेल आपणच. लिंक पुसली, चहा केला, घरी गेली.

३

"तू माझ्या अठ्ठावन्न नंबरच्या आजीचं कापड घेतलंस का?" दुसऱ्या दिवशी बोआदूने दारातून विचारलं.

बोआदू म्हणजे फ्रिजचा रखवालदार, प्रेतं धुणारा, उचलणारा, आणि सकाळपासून थोडी घेतलेला. तो प्रेतांशी बोलायचा, त्यांना चिडवायचा, आणि त्याचं ते चिडवणं घरच्यांच्या रडण्यापेक्षा मायेचं असायचं.

"मी कशाला घेऊ मेलेल्या बाईचं कापड?"

"मग गेलं कुठे? जांभळं, मोरांच्या नक्षीचं. तिच्या लेकीने अक्राहून पाठवलेलं. म्हातारी नुसती पडलीय, लाज काढली माझी."

"सकाळी किती घेतलीस?"

"एइ! घेतली म्हणून काय मोर दिसत नाहीत मला?"

कापड तासाभराने सापडलं. के-एकसष्टच्या ट्रेमध्ये, बापाच्या स्वतःच्या कापडावर नीट पसरलेलं. कडा अंगाखाली खोचलेल्या होत्या. बोआदूने डोकं खाजवलं आणि म्हणाला, "पोरी, तुझ्या बापाचा डोळा होता वाटतं म्हातारीवर."

बिरागो हसली नाही. ती कचेरीत आली आणि के-एकसष्टचं शीट उघडलं. पुसलेली लिंक जागेवर होती. तिच्या खाली आणखी तीन होत्या.

त्या तिन्ही नंबरांच्या ट्रे बोआदूने तिच्यासमोर उघडल्या. तिघांच्याही अंगावर कापड नव्हतं.

४

माणूस विचार करतो तो आपल्याला सोसेल तेवढाच. बिरागोने ठरवलं की हे बोआदूचंच काम. दारूत माणसाला काय सुचेल सांगता येत नाही, आणि फाईलचा पासवर्ड टेबलावरच चिकटवलेला होता. पण बोआदूला माऊस कुठून धरायचा तेही ठाऊक नव्हतं. आणि ट्रे सरकताना येणारा आवाज तिने भिंतीतून ऐकला तेव्हा बोआदू तिच्यासमोर स्टुलावर बसून मक्याचं केंके खात होता.

चाकांचा आवाज तिच्या ओळखीचा होता. आधी खिट्टी, मग लांब घरंगळ. त्यानंतर मधे काहीच नाही, आणि बऱ्याच वेळाने दुसरीकडे कुठेतरी पुन्हा खिट्टी.

"ऐकलंस?" तिने विचारलं.

बोआदूने घास गिळला. "जनरेटर असेल." आणि राहिलेलं केंके पानात गुंडाळून ठेवलं. इतक्या वर्षांत त्याने जेवण अर्धवट टाकलेलं तिने पाहिलं नव्हतं.

त्या दुपारी ती साहेबांकडे जाऊन आली तर खुर्चीच्या पाठीवरचा तिचा पिवळा स्वेटर नव्हता. शोधायचं कुठे ते तिला न शोधताच कळलं. कारण पहिल्या पानावर, निळ्या यादीच्या अगदी वर, तिने न लिहिलेला एक नंबर आला होता. के-एकसष्ट एकदा आपल्या जागी, आणि एकदा सगळ्यांच्या वर. तिनेच तर वाट करून दिली होती: 'परत', आणि परत म्हणजे तिच्या टेबलापाशी. तो इथवर आला होता. ती नसताना.

तिला भीती वाटली हे खरं. पण त्याहून जास्त वाईट वाटलं, की आपण पाच मिनिटं आधी का परतलो नाही.

५

तरी तिने करायचं ते केलं. सगळ्या शीटांतल्या सगळ्या लिंका पुसणारा दुसरा मॅक्रो लिहिला. त्याला चार ओळी लागल्या. कापडं बोआदूने ज्याची त्याला दिली, आणि उद्या कुणी नातेवाईक कपडे बदलायला आला तर दोघांच्या पोटावर पाय येणार नाही एवढी व्यवस्था झाली.

दोन दिवस शांततेत गेले. तिसऱ्या दिवशी भिंतीतून ठोके यायला लागले. बारीक, भराभर, एकाच जागेहून. पत्र्यावर काहीतरी थरथरत होतं. मधे थांबायचं, पुन्हा लागायचं. बिरागोने कॉम्प्रेसरवाल्याला बोलावलं. त्याने सगळं तपासलं, तापमान बरोबर असल्याचं सांगितलं आणि म्हणाला, "उलट झकास चाललाय. असा गारवा सगळ्या शहरात कुठे नाही."

तो गेल्यावर ती भिंतीला कान लावून उभी राहिली. लहानपणी हरमटानच्या पहाटे बाप चूल पेटवायला उठायचा, तेव्हा त्याचे दात असेच वाजायचे आणि ती पांघरुणातून खुदखुदायची. आता तिला रडू कोसळलं. कुठल्या तोंडाने मी हो म्हटलं होतं, असं ती भिंतीलाच म्हणाली.

मग टेबलाशी बसून तिने पहिला मॅक्रो पुन्हा चालवला. लिंका उतरल्या. थोड्या वेळाने ठोके थांबले, खिट्टी वाजली, आणि फ्रिजमधल्या मोरांच्या आजीचं कापड पुन्हा गेलं.

६

शनिवारी ती गावी आत्याकडे गेली. आफ्राकोमा आत्या पडवीत लाकडी खुर्चीवर बसली होती, आणि तिच्या पाठीशी भावाच्या फोटोचे छापून आणलेले फलक भिंतीला टेकवून ठेवले होते. 'आनंदाने दिलेला निरोप' असं वर ठसठशीत, आणि तारखेची जागा कोरी.

"ये. खाल्लंस काही?"

"आत्या, त्यांना पुरूया आता. मी हात जोडते. नको बँड, नको तंबू."

"नको बँड!" आत्या खो खो हसली. "म्हणजे लोकांनी म्हणावं, आफ्राकोमाने भावाला मांजर पुरावं तसं पुरलं. वरचा मजला होऊ दे. हॅम्बुर्गहून याव यायचाय, त्याचे कागद होऊ देत. थोरला भाचा नसताना मयत काढतात का कुठे?"

"त्यांना थंडी वाजतेय."

आत्याचं हसू थांबलं. तिने पोरीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "त्या नोकरीने तुझं डोकं फिरलंय. मेलेल्याला कसली थंडी? आणि हे बघ, तू त्याची मुलगी आहेस, कबूल. रड, काळं नेस, कोण अडवतंय? पण तो आमचा आहे. आमच्या आईच्या पोटचा. तू तुझ्या आईच्या कुळाची, तुझं इथे काय?"

बिरागोला बोलायला खूप होतं. या माणसाची लघवी मी काढली, अंग मी पुसलं, तेव्हा कुठे होतं तुमचं कूळ? पण पालथ्या घड्यावर पाणी. ती उठली. निघताना आतल्या खोलीत तिला जाडजूड ब्लँकेटांची चळत दिसली, हॅम्बुर्गहून आलेली, प्लास्टिकही न काढलेली.

७

सोमवारी तिने फाईलमध्ये नवं शीट घातलं. त्याला नंबर दिला नाही. आत्याच्या गावाचं आणि घराचं नाव दिलं. आत काहीच लिहिलं नाही. मग के-एकसष्टचं शीट उघडून, सगळ्या आगंतुक लिंकांच्या खाली, आपल्या हाताने एक लिंक जोडली. अवतरणचिन्हं नीट घातली. लिंक उघडते ना, ते एकदा टिचकी मारून पाहिलं.

तिच्या मनात दया नव्हती, हे सांगितलं पाहिजे. जा, असं ती म्हणाली. बस तिच्या उशाशी. गारठव तिला. मग बघू मजला कधी होतो ते.

त्या दुपारी भिंतीत एकदाच खिट्टी वाजली. दुसऱ्या दिवशी के-एकसष्टच्या ट्रेमध्ये करड्या रंगाचं, परदेशी जाड ब्लँकेट होतं. बोआदूने ते पाहिलं आणि ट्रे ढकलून दिली. तो आताशा शुद्धीत असायचा, आणि ते जास्त वाईट होतं.

आठवड्याच्या शेवटी आत्याचा फोन आला. बिरागोने कान टवकारले. आता ओरडेल, रडेल, शनिवारीच पुरा म्हणेल.

"बिरागो, माझं सोनं!" आत्याचा आवाज लग्नघरातल्यासारखा होता. "येतो गं तो! रोज चारच्या सुमाराला येतो. पडवीत बसतो. मी ब्लँकेट देते, गरम सूप ठेवते पुढ्यात. पीत नाही, पण बसतो. घरातली पोरं कशी चिडीचूप झालीत! जमिनीच्या वाटण्या मागत होती ना? आता मागा म्हणावं, कर्ता पडवीत बसलाय."

बिरागोने विचारलं, "मग... पुरायचं कधी?"

"पुरायचं?" आत्याला खरंच नवल वाटलं. "घरी येणाऱ्या माणसाला पुरतं का कुणी? राहू दे की फ्रिजमध्ये. तुझं लक्ष आहेच."

८

चारच्या आधी बिरागो कचेरीचं दार सताड उघडं ठेवून बसली. बोआदूला तिने पाव आणायला पाठवलं होतं. बाहेर पांढुरकं धुळकट ऊन होतं आणि पंखा बंद होता, कारण वीज गेली होती आणि जनरेटर फक्त फ्रिजला चालायचा. तिचा कॉम्प्युटरही त्याच तारेवर होता. पडद्यावर के-एकसष्टचं शीट उघडं होतं.

खिट्टी वाजली. घरंगळ झाली. मग शीतखोलीचा जाड दरवाजा उघडल्याचा सुस्कारा, आणि गार हवेची एक पट्टी फरशीवरून तिच्या पावलांपर्यंत आली.

तिने मान वर केली नाही. धीर झाला नाही. तिला दिसलं ते फरशीवरचं तेवढंच: ओढत जाणारी कापडं, जांभळी, हिरवी, करडी, एकावर एक. त्यांतून लोंबणारी पिवळ्या स्वेटरची बाही. आणि दोन पावलं, अंगठ्याला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी, टाचांना आत्याच्या अंगणातली तांबडी माती.

"पपा," ती म्हणाली. "आत या. मी आहे."

पावलं दारासमोर थांबली. कापडांची सळसळ झाली, कुणी पांघरूण अंगाशी घट्ट ओढून घ्यावं तशी. मग पावलं निघाली, त्याच दिशेने, त्याच चालीने.

तिला त्या क्षणी काय झालं ते तिलाही नंतर सांगता आलं नाही. वर्षभराचं सगळं एकदम आठवलं. लघवी काढलेली, कपाळ पुसलेलं, हो म्हटलेलं. "मग जा," ती किंचाळली. "जा तुझ्या बहिणीकडे!" आणि तिने आत्याच्या घराचं ते शीट पुसून टाकलं. तेवढ्यानेही राग शमला नाही, म्हणून के-एकसष्टचंही पुसलं. कॉम्प्युटरने विचारलं, हे कायमचं जाईल, चालेल का? तिने चालेल म्हटलं.

मग ती धावत बाहेर गेली. इस्पितळाच्या फाटकापर्यंत कुणी नव्हतं. रस्त्यावर ट्रोट्रो गाड्या भरत होत्या आणि पोऱ्या गाडीच्या पत्र्यावर थाप मारत गावांची नावं ओरडत होता.

बोआदू पाव घेऊन आला. दोघांनी मिळून ट्रे उघडली. आत काही नव्हतं; शीटबरोबर त्याची 'परत'ही गेली होती. वरची आणि खालची ट्रे उघडली, सगळ्या उघडल्या. अंधार पडायच्या आत बोआदूने किल्ल्यांचा जुडगा तिच्या टेबलावर ठेवला.

"माणसं फ्रिजमध्ये ठेवायची नोकरी होती माझी," तो म्हणाला, "शोधायची नव्हती."

९

बिरागोची भाड्याची खोली एका सामाईक अंगणाभोवतीच्या घरांत होती. बापाने ती कधी पाहिली नव्हती. तो आजारी पडला तेव्हा ती त्याच्या खोलीवर राहायला गेली होती, आणि तो गेल्यावर भाच्यांनी त्या खोलीला कुलूप घातलं.

संध्याकाळी अंगणात बायका जेवणासाठी उखळात फुफू कांडत होत्या. फोन सारखा वाजत होता. आत्या. शेवटी तिने उचलला.

"आज आला नाही गं तो. सूप निवून गेलं. तिथेच आहे ना?"

बिरागोने फोन बंद केला आणि गल्लीकडचं दार उघडून उंबऱ्यात बसली. मांडीवर तिचं स्वतःचं पांघरूण होतं. हरमटान वाढला होता, दिव्याभोवती धूळ फिरत होती.

मग गल्लीच्या टोकाशी एक कडी वाजली. कुणी हलक्या हाताने खालीवर करून पाहावी तशी. जरा थांबून पुढच्या घराची. मग त्याच्या पुढच्या.

"वारं काय सुटलंय," शेजारची म्हातारी मुसळ थांबवून म्हणाली. "दारं लावून घ्या गं पोरींनो."

एकेक घर करत कड्या जवळ आल्या. खाटकाचं घर. शिंपिणीचं. मधल्या बंद दुकानाचं कुलूप. गल्लीत दिसत काहीच नव्हतं, धूळ होती आणि तीत काही वावरत असलं तर असेल. बिरागो उठून उभी राहिली. पांघरूण दोन्ही हातांत पसरून धरलं.

"पपा, इकडे. हेच दार. उघडं आहे."

कड्यांचा आवाज थांबला. बराच वेळ मुसळाशिवाय काही ऐकू आलं नाही. तिचे हात भरून आले तरी तिने पांघरूण खाली घेतलं नाही.

मग कडी वाजली. तिच्या पलीकडच्या घराची. नंतर त्याच्या पुढच्याची, आणि मग वळणापलीकडची, जी जेमतेम ऐकू आली.